संच आणि संमती

निवड म्हणजे काय, हा प्रश्न आपल्याकडे नवा नव्हे. कठोपनिषदातील नचिकेत्यापुढे यमाने धन, रथ आणि दीर्घायुष्य मांडले. त्याने ते नाकारले आणि आपल्या प्रश्नाचे उत्तरच मागितले. हे सारे घेतलेस तरच उत्तर स्वस्तात मिळेल, असा संच काही यमाने बांधला नव्हता. दूरचित्रवाणीच्या ग्राहकापुढे आज शेकडो वाहिन्या आहेत. परंतु नाकारण्याची ती सोय त्याला कितपत उरली आहे, याविषयी आम्हांस शंका वाटते.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१७ मध्ये नवी दरव्यवस्था ठरविली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राधिकरणाचा अधिकार मान्य केला आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून तिचा अंमल सुरू झाला. प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर व्हावी, हवी ती सुटी घेता यावी, हा तिचा हेतू स्तुत्यच होता. मात्र संचावरील सूट १५ टक्क्यांहून अधिक नसावी, ही त्यातील मर्यादा मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ मध्येच रद्द ठरविली होती. त्यामुळे मोजक्या वाहिन्या सुट्या घेणे आणि अख्खा ‘पॅक’ घेणे यांच्या किमतींत कित्येकदा फारसे अंतर उरले नाही. २०२२ च्या दुरुस्तीने ही सूट ४५ टक्क्यांपर्यंत बांधली. शिवाय ज्यांनी मुदतीत काहीच कळविले नाही, त्यांची भाषा आणि पाहण्याची सवय ध्यानी घेऊन त्यांना अनुरूप योजना लावून द्यावी, असे प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितले. म्हणजे गप्प बसणाऱ्याचीही निवड होऊन गेली!

१८७२ च्या करार कायद्याप्रमाणे दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तर ती संमती. ग्राहक मान्य करतो एक मालिका आणि एक बातम्यांची वाहिनी. विक्रेता विकतो पंचवीस वाहिन्या. न्यायालयात हा करार अवैध ठरणार नाही, हे आम्ही जाणतो. आमचा प्रश्न नीतीचा आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. देवालयाच्या उत्सवाची वर्गणी हाही एक संचच नव्हे काय? तीत पालखी, कीर्तन आणि समाराधना सारे येते. कीर्तनास न गेलेला गृहस्थ तेवढे पैसे परत मागत नाही. प्रत्येकाने आपापल्या आवडीपुरतेच दिले, तर कीर्तनकाराची बिदागी निघणे कठीण. थोड्या लोकांच्या भाषेची अथवा भजन-कीर्तनाची वाहिनी पुष्कळदा अशाच सामायिक पैशावर तगते. तेव्हा एकत्र घेणे हे स्वतः पाप नव्हे. फरक आहे तो हिशेबाचा. वर्गणीचा जमाखर्च सभेत मांडला जातो, आणि ‘हे का केले?’ असे विचारणारा महाजन समोर बसलेला असतो. वाहिन्यांच्या संचात कोणाची वर्गणी कोणाच्या पदरी पडली, हे वर्गणीदारास कोण सांगतो?

इंटरनेटवरील ॲपांनी हा पेच सोडविला नाही, त्याला नवे रूप दिले. येथे घेणे एका स्पर्शाचे आणि सोडणे मात्र चार पानांआड. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १ ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप होणाऱ्या वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे १३ प्रकार निषिद्ध ठरविले. वर्गणी रद्द करणे मुद्दाम अवघड करून ठेवणे हा त्यांतील एक. नाकारण्याचा मार्ग मोकळा ठेवणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे, इतके तरी कायद्याने ओळखले. परंतु संच पुन्हा दुसऱ्या दाराने घरात आला आहे. मोबाइलच्या रिचार्जबरोबर आता ही ॲप ‘मोफत’ मिळतात. त्या रकमेत बोलण्याचे किती, इंटरनेटचे किती आणि चित्रपटांचे किती, हे पावतीवर शोधू गेल्यास आम्हांस तरी सापडत नाही.