आजचं चिंतन: सेवेचे पैसे कधीपासून घ्यावेत?



आजचा श्लोक गीतेच्या चौथ्या अध्यायातला बाविसावा. भगवंत सांगतात की न मागता जे मिळेल त्यात जो समाधानी आहे, ज्याच्या मनात मत्सर नाही, काम साधलं काय किंवा फसलं काय, ज्याचं मन सारखंच राहतं, तो कर्म करूनही त्यात अडकत नाही. हा श्लोक मी कितीतरी वेळा वाचलाय. पण तो मला नीट समजावला एका पाकिटाने.

चिकलठाण्यात आमच्या भागात एकादशीला भजन असतं. मध्ये एकदा ठरलेले महाराज येऊ शकले नाहीत, म्हणून मला अर्धा तास बोलायला बसवलं. मी काही कीर्तनकार नाही. दिवसभर कोड लिहितो आणि रात्री थोडी ज्ञानेश्वरी वाचतो, एवढंच. शेवटी आयोजक काकांनी हातात पाकीट ठेवलं. मी हात जोडून ते परत केलं. "काका, देवाच्या नावाचे पैसे नकोत." चार लोकांनी ऐकलं, कौतुक केलं. खरं सांगतो, फार छान वाटलं.

घरी जाताना पखवाज वाजवणाऱ्या दादांना गाडीवर सोबत घेतलं. जालना रोडच्या सिग्नलला ते हळूच म्हणाले, "माऊली, तुमचं पाकीट परत गेलं, मग माझंही आलं नाही. काका म्हणाले, बोलणाऱ्यांनीसुद्धा घेतलं नाही आज."

दादांना दुसरी नोकरी नाही. सप्ताह, भजन, कीर्तनाची साथ, यावरच त्यांचं घर चालतं. माझा पगार मात्र दर महिन्याला खात्यात येतो. म्हणजे त्याग मी केला आणि त्याचं बिल भरलं दादांनी! दुसऱ्या दिवशी मी पैसे घेऊन त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "तुमच्याकडून कसे घेऊ? मी तुमच्यासाठी नव्हतो वाजवत."

त्या रात्री तुकोबांची गाथा काढली. कीर्तनकाराने कसं वागावं यावर त्यांचा एक अभंग आहे. जिथे कीर्तन करायचं तिथे जेवायचंसुद्धा नाही, बुक्का लावून घ्यायचा नाही, गळ्यात माळ घालून घ्यायची नाही, आपल्या जनावरासाठी दाणा-वैरण मागायची नाही. आणि पैशाच्या बाबतीत तर ते देणारा आणि घेणारा दोघांनाही दोषी धरतात. वाचून वाटलं, चला, म्हणजे आपलं बरोबरच होतं.

पण मग तुकोबांचीच दुसरी गोष्ट आठवली. घरची सावकारी होती. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळाने घर मोडलं, पहिली पत्नी गेली. पुढे त्यांनी लोकांच्या कर्जाची खतं इंद्रायणीत सोडून दिली. ही गोष्ट आपण सगळेच सांगतो. त्यातला एक बारकावा मात्र राहून जातो. परंपरेने आलेल्या चरित्रात असं आहे की त्यांनी आधी खतांची वाटणी केली. धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, वाट्याची अर्धी खतं त्याला दिली आणि नदीत सोडली ती फक्त स्वतःची.

इथे मी थांबलो. तुकोबांनी भावाचा हिस्सा बुडवला नाही. वैराग्य आपल्या वाट्यापुरतंच करता येतं. मी दादांच्या वाट्याचंही करून बसलो होतो.

आपल्या संतांकडे बघा. सावता महाराजांचा अरणला मळा होता. गोरोबाकाका तेरला मडकी घडवायचे. सेना महाराज न्हावी, नरहरी महाराज सोनार. भाजी विकली जायची, मडकं विकलं जायचं, हरिनाम मात्र विकलं जात नव्हतं, कारण पोटाची सोय हातांनी केलेली होती. तशी माझी सोय माझ्या लॅपटॉपने केलीय. दादांचं मडकं म्हणजे त्यांचा पखवाज. वर्षानुवर्षं बोल घोटलेत, शाई-कणीक सांभाळलीय. गोरोबांकडे कुणी मडकं फुकट मागितलं नसतं.

मग तुकोबा एवढे कडक का बोलतात? मला वाटतं, भीती नाण्याची नाही, जिभेची आहे. ज्याच्या घरचं खाल्लं त्याला त्याच्या चुका कशा सांगणार? आज बिदागी, उद्या बिदागी देणाऱ्याची मर्जी आणि परवा त्याला आवडेल तेवढाच परमार्थ.

ही गाठ कशी सोडवायची ते गाडगेबाबांनी दाखवलं. गावात गेले की आधी हातात झाडू, मग भाकरी. फुकटचं खायचं नाही. रात्री कीर्तनात त्याच गावाला खरं-खोटं सुनवायचे, कारण भाकरी झाडण्याची होती, गोड बोलण्याची नव्हती. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतःसाठी ठेवल्या नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. १९५०मध्ये आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू करणारी संस्था ती हीच.

आता आपल्याबद्दल. तुमच्यातले कितीतरी जण अभंग गातात, हार्मोनियम शिकवतात, निरूपण रेकॉर्ड करून टाकतात. कधी ना कधी प्रश्न येतोच, पैसे कधीपासून घ्यायचे? यूट्यूब सांगतं, १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं गेलं की जाहिरातीचा वाटा देऊ. ठीक आहे. पण त्यांनी कधीपासून द्यायचं, एवढंच त्यातून कळतं. आपण कधीपासून घ्यायचं हे त्यात कुठेच नाही.

मला सापडलेलं उत्तर असं: आपल्या "नको"ची किंमत दुसरं कुणी भरायला लागलं, साथीदार असो, घरी वाट बघणारी बायको-मुलं असोत, की कष्टाचे आणि खर्चाचे पैसे सरळ मागावेत, लाज वाटू देऊ नये. आणि देणाऱ्याकडे बघून आपलं वाक्य बदलायला लागलं, की त्याच दिवशी थांबावं. या दोन्हींच्या मधली जागा प्रत्येकाची वेगळी, ती ज्याची त्याने शोधायची.

मी काकांकडे जाऊन झालेली चूक कबूल केली. दादांचं पाकीट त्यांच्या घरी पोचलं. आता कुणी बोलायला बोलावलं तर मी आधी साथीदारांच्या मानधनाचं विचारतो. माझं पाकीट आलं तर भाषण न करता घेतो आणि गुपचूप अन्नदानाच्या पेटीत टाकतो.

गुपचूप अशासाठी, की श्लोकातलं ते समाधान त्या दिवशी माझ्याकडे नव्हतंच. पाकीट मी परत केलं होतं, पण कौतुक मात्र ठेवून घेतलं होतं. तीही बिदागीच की!

तुमचं "नको" सध्या कोण भरतंय? आज झोपण्याआधी एकदा विचार करून बघा.

राम कृष्ण हरी!