दुरुस्तीचे प्रमाण

चूक दिसली की ताबडतोब दुरुस्त करावी, असे शाळेत शिकवतात. लग्नानंतर हेच काम घरचे लोक विनावेतन करतात. पण गच्चीवर दुर्बीण लावून ताऱ्यांचे फोटो काढणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांचे मत निराळे आहे.

आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकते. दुर्बिणीच्या बैठकीनेही त्याच गतीने फिरायचे. २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी. पण तिच्या दातेरी चाकांत बारीकसा दोष असतोच. कधी ती पुढे धावते, कधी रेंगाळते. म्हणून जोडीला एक छोटा कॅमेरा एकाच ताऱ्यावर डोळा ठेवून बसतो आणि तारा हलला की बैठकीला टोचतो. थोडक्यात, घरातले वडीलधारे माणूस!

"मग सारखं टोचत राहायचं?"

"छे हो! पुष्कळदा तारा नुसत्या हवेनं थरथरतो. प्रत्येक थरथरीमागे बैठक पळवलीत, तर फोटोत ताऱ्याचा बटाटा होतो. दोन-तीन सेकंद थांबायचं, सरासरी बघायची आणि दिसली त्याहून थोडी कमीच चूक सुधारायची."

मुलगा एकदा उलटून बोलला की आपण लगेच संस्कारांचे स्क्रू आवळायला घेतो. दोष त्याच्या चाकांतला की मधल्या हवेतला, हे पाहायला कोण थांबतो? दुरुस्ती करूच नये असे नव्हे. मग ताऱ्याची रेघ होते. पण खुद्द ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून जास्त सरकलेला आहे. तरी अढळपद त्यालाच मिळाले ना!