पहिली थट्टा कोणाची?

पक्षाघाताने वाचा गेलेल्या माणसाच्या तोंडून एखाद्या दिवशी खणखणीत शिवी निघते आणि घरचे चकित होतात. मेंदूच्या अभ्यासकांना यात नवे काही नाही. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णावरून मेंदूतली वाचेची जागा दाखवून दिली, त्याला ‘तां’ एवढेच म्हणता येई; चिडला की मात्र आख्खी शिवी बाहेर पडे. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात असते. तिथे इजा झाली की ठरवून बोलणे अडते, पण जिभेवर बसलेले अंक, आरत्या, शिव्या पुष्कळदा शाबूत राहतात. गाण्याच्या चालीवर शब्द परत आणायची उपचारपद्धती १९७३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी मांडली, ती याच निरीक्षणातून.

माझ्या वडिलांना ‘पाणी’ म्हणता येत नव्हते. गणपतीची आरती मात्र ते आमच्याबरोबर सुरात म्हणायचे, आणि ‘गाढवा’ हा शब्द स्पष्ट यायचा. एकदा आई त्यांची दाढी करत होती. फोन आला म्हणून उठली, ती अर्धी मिशी तशीच ठेवून. परतली तेव्हा बाबांनी डाव्या हाताने आरसा उचलून तिच्यासमोर धरला आणि शांतपणे म्हणाले, “गाढवा.” आई पलंगाच्या कडेवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तेही हसले, वाकड्या ओठांनी.

अशा घरात थट्टा अंथरुणावरून सुरू व्हायला हवी, असे मला तेव्हापासून ठामपणे वाटते. “मजा आहे बुवा, नुसता आराम!” असे भेटीला आलेला माणूस म्हणतो तेव्हा आजारी माणूस आणखी खाली दबतो. दिवसभर तो फक्त घेत असतो: पाणी, औषध, दुसऱ्याचा खांदा. त्याने कुणाची फिरकी घेतली की तोही काहीतरी देतो, आणि घरातले त्याचे जुने स्थान त्याला क्षणभर परत मिळते.

आशेबाबतही आप्त घाई करतात. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. हे थोरच आहे. पण उशाशी बसून रोज ऐकवले की त्याचे ओझे होते. आमच्याकडे आशा शर्टाच्या बटणाएवढी होती. डाव्या हाताने वरचे बटण लागले, की पुढच्या आठवड्यात खालचे. वाचा सुरुवातीच्या महिन्यांत झपाट्याने सुधारते हे खरे, पण सरावाने पुढे वर्षानुवर्षेही सुधारत राहते. डॉक्टरांनी हे पहिल्याच भेटीत सांगायला हवे.

आणि हसण्याने सांभाळणाऱ्याची पाठदुखी जात नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. म्हणजे रात्रीची झोप सलग मिळतच नाही, आणि ती जाते बहुधा बायको, सून किंवा मुलीची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचाघाताचा उल्लेख आहे, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही आहे. ती कागदावरून घरात यावी, यासाठी सगळ्यांनी आवाज उठवला पाहिजे.

नातेवाइकांनी तोवर थांबू नये. शहाळी आणण्यापेक्षा दोन तास बसावे. माझा मावसभाऊ दर शनिवारी दुपारी बसायचा, म्हणून आईला भिशीला जाता आले. तिथले किस्से ती घरी येऊन नकलांसकट सांगायची, आणि कोणत्या बाईला ‘गाढवा’ म्हणायचे ते बाबा ठरवायचे.