वय वाढते तेव्हा

वय वाढते, ते आधी इतरांच्या तोंडून कळते. भाजीवाला एक दिवस ‘दादा’ऐवजी ‘काका’ म्हणतो. बसमध्ये कुणी उठून जागा देते.

श्रोतेहो, वाढत्या वयाचे आपल्याकडे सोहळे होतात. साठी झाली की साठीशांत. ऐंशी ओलांडली की सहस्रचंद्रदर्शन. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला ओवाळतात, नातवंडे पाया पडतात. फार सुंदर प्रथा आहे ही.

पण सोहळा एका दिवसाचा. वय वाढते ते रोज. ते रोजचे म्हातारपण दाखवणारे शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ हे नाटक १९७० मध्ये रंगभूमीवर आले. त्यातले अप्पासाहेब बेलवलकर सगळे मुलांना देऊन टाकतात आणि मुलांच्याच घरात अडचण होऊन बसतात. ही भूमिका प्रथम साकारणारे डॉ. श्रीराम लागू तेव्हा चाळिशीतच होते. म्हातारपणाचे दुःख समजायला म्हातारे व्हावे लागत नाही.

वय वाढते तसे गुडघे दुखतात. त्याहून जास्त दुखते ते घरात कुणी काही विचारेनासे झाले की. लग्नाची बोलणी, नव्या घराचा विचार, सारे शेजारच्या खोलीत ठरते. तिथे एक खुर्ची आजोबांसाठी ओढावी, त्यांचे मत विचारावे आणि त्यांचे बोलणे संपेपर्यंत ऐकावे.