वर्गणी आणि विवेक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने कामगारसंघाची सक्तीची वर्गणी बंद करण्याची मुभा प्रत्येक संस्थानास दिली. अशा कायद्यांस तेथे 'कामाचा हक्क' म्हणतात. वस्तुतः त्यांनी कोणास काम मिळत नाही. संघाने मिळविलेली वेतनवाढ मात्र वर्गणी न देणाऱ्यासही मिळते. कारण सर्वांची बाजू मांडणे संघास बंधनकारकच आहे. पाणी दुसऱ्याने घालावे आणि फळ आपण खावे, हा न्याय नव्हे. पण त्याच पैशातून संघ आपणांस अमान्य पक्षाचा प्रचार करील, तर ती सक्ती विवेकावर होय. सरकारी नोकरांपुरता खर्चातील हा भेद तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली मानिला. सरकारशी वाटाघाट हेही राजकारणच, असे म्हणून २०१८ साली मोडिला. आम्हांस पहिलाच निर्णय ग्राह्य वाटतो: वाटाघाटीचा खर्च मागावा, मताची किंमत मागू नये.