श्वास कोणाचा?



एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात आपण सारे आपापल्या माणसासाठी खाट, इंजेक्शन, ऑक्सिजन शोधत धावत होतो. २३ एप्रिलला विशाखापट्टणमहून आलेल्या पहिल्या ऑक्सिजन एक्सप्रेसने येथे तीन टँकर उतरवले आणि उरलेले चार घेऊन ती नाशिककडे गेली.

सिलिंडर एकच असेल, तर तो आपल्या आईला द्यावा की अनोळखी रुग्णाला? आईसाठी धावणे पाप नव्हे. ते प्रेमच आहे. पण गरज संपल्यावरही सिलिंडर घरात दडवला, तर तेच प्रेम दुसऱ्याचा श्वास अडवते. प्रभू येशूच्या दाखल्यातील शोमरोनी जखमीचे नाव-गाव विचारत बसला नाही.

आपल्यांसाठी जरूर धावू या. मात्र आपले काम झाले की हातातले पुढच्याला देऊ या.