अर्धी गोधडी आणि मोडलेला नेम

संकल्प करून हाती घेतलेले काम मध्येच थांबले, तर तो संकल्प मोडला असे समजावे काय? प्रश्न शास्त्राचा वाटतो खरा, पण तो घरोघरच्या फडताळात गाठोडे बांधून पडलेला आहे. दिवस गेलेली लेक किंवा सून सातव्या-आठव्या महिन्यात जुनी मऊ लुगडी धुते, उसवते, थरावर थर मांडते आणि बाळासाठी गोधडी धरते. घर माळकरी असेल तर एका टाक्याला एक नाम असा नेमही मनाशी करते. काठाच्या चार ओळी होतात, आतल्या सुरू होतात, आणि एके दिवशी कळा येतात. मग पाचवी, बारसे, सव्वा महिना. मग दूध, दुपटी, रात्रीची जागरणे. सुई कापडात टोचलेली ती टोचलेलीच राहते. वर्ष-दीड वर्षाने गाठोडे सुटते तेव्हा त्या माउलीला पहिले काय वाटते? "देवापुढं बोलले आणि माझ्या हातून झालं नाही." शेजारीण भर घालते, "एवढंसं काम, तेही तडीला नेलं नाहीस!"

ग्रहणात गर्भारणीने सुई धरू नये, असा धाक घालणारी तोंडे पुष्कळ. बाळंतपणानंतर ती सुई पुन्हा हाती कशी घ्यावी, हे सांगणारे मात्र कोणी भेटत नाही.

आता आपल्या संप्रदायाचे मूळच पाहा ना. पंढरीस देव आला तेव्हा पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. तो उठला नाही. त्याने वीट पुढे केली आणि देवाला थांबायला सांगितले. देवाच्या भेटीहून मोठा नेम तो कोणता? तो भेटीचा क्षण पुंडलिकाने पुढे ढकलला, आणि आपण त्याला दोष देत नाही. उलट देवाच्या नावाआधी त्याच्या नावाचा वर घोष करतो. सेवेसाठी थांबवलेली भक्ती मोडत नाही, ती विटेवर उभी राहते. ज्या देवाला विटेवर तिष्ठण्याचा कंटाळा आला नाही, त्याला अर्ध्या गोधडीचा राग येईल, हे आम्हांस तरी पटत नाही.

यावर कोणी म्हणेल, "महाराज, अशाने प्रत्येक आळशाला सबब मिळेल." आक्षेप खरा आहे. मन मोठे लबाड. ते आळसालाही कर्तव्याचा अंगरखा घालते. पण येथे एक भेद केला पाहिजे. आळसाने टाकलेले काम माणसाला आठवत नाही, आठवले तरी रुतत नाही. सेवेमुळे थांबलेले काम आत कुठेतरी टोचत राहते, त्या कापडातल्या सुईसारखे. जिला ती टोचणी आहे तिचा नेम जिवंत आहे. आणि तान्ह्याच्या आईला दुपारी डोळा लागला तर तो आळस नव्हे, बरं का. आम्ही कीर्तनात अखंड नेमाच्या गोष्टी सांगतो, त्या वेळी घरचा पाळणा दुसरेच कोणी हलवीत असते. नेमाची अखंडता बहुधा अशी दुसऱ्याच्या हातावर उभी असते, हे बोलणाऱ्याने विसरू नये.

तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण भजनातल्या तल्लीनतेसाठी सांगतो. बायको पाण्याला गेली, लेकराकडे लक्ष ठेवा म्हणून सांगून गेली, आणि काका नामात इतके रंगले की लेकरू चिखलात तुडवले गेले. पण कथा तेथे संपत नाही. पुढे पंढरीत ते लेकरू आईच्या कुशीत परत येते, तेव्हाच ती पुरी होते. तल्लीनता कितीही थोर असो, लेकराचा हिशेब देवाला चुकता करावा लागला. आमच्या मते त्या कथेतले हे दुसरे टोक अधिक वेळा सांगायला हवे.

काम अपुरे राहणे हाच कमीपणा म्हणावा, तर तो थोरांनाही चुकला नाही. नाथमहाराजांचे भावार्थ रामायण युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत आले आणि शके १५२१ मध्ये महाराजांनी देह ठेवला. पुढचा ग्रंथ त्यांचा शिष्य गावबा याने पुरा केला. पुरणपोळीचा हट्ट धरणारा मंद पोर म्हणून ज्याची कथा सांगतात, तोच हा. ग्रंथ अर्धा राहिला म्हणून नाथांना कोणी उणे म्हणाले नाही, आणि दुसऱ्या हाताने पुरा झाला म्हणून वाचणारा मध्येच पोथी मिटत नाही. मग त्याच बाईचा हात दीड वर्षाने परत आला, तर त्यात लाजायचे ते काय?

हात मात्र तोच राहिलेला नसतो. आधीचे टाके बारीक, एका रेषेत. आताचे जरा लांब, घाईचे, एक कान पाळण्याकडे ठेवून घातलेले. पुष्कळजणींना वाटते, सगळे उसवावे आणि पहिल्यापासून सुबक करावे. असे करू नये. नेमाचेही तसेच होते. हरिपाठाचा खंड पडला की माणूस २७ अभंग जिथे सुटले तिथून धरीत नाही. तो नवा, पहिल्याहून मोठा संकल्प सोडतो, आणि तो आठवडाभरात गळतो. गोधडी शिवणाऱ्या म्हाताऱ्या बायांना हे ठाऊक असते. जुना दोरा सुटला असेल तर त्या आधी त्याला गाठ मारतात. मग नवा दोरा जुन्या शेवटल्या तीन-चार टाक्यांवरूनच चालवतात आणि पुढे जातात. तेवढी जागा दुहेरी शिवली जाते, म्हणून ती उसवत नाही. खंड पडलेला पाठ धरतानाही आधीचे दोन अभंग पुन्हा म्हणून पुढे जावे.

राहिला एक प्रश्न. ज्याच्यासाठी गोधडी धरली ते बाळ आता रांगून चालू लागले. त्याचे पाय बाहेर येतात. मग पुरी करून उपयोग काय? दारात दुसरे तान्हे असेल तर त्याला द्यावी, आनंदाने द्यावी. आणि आपल्याच लेकराला हवी असेल, तर त्याच लुगड्याचा काठ उरलेला असतो. त्याची वीतभर रुंद पट्टी चारी बाजूंनी जोडावी, खाली तेवढेच थर द्यावेत, आणि नव्या ओळी बाहेरून आत घालीत याव्यात. बाळंतपणाआधीचे बारीक टाके मधोमध राहतात, पोराच्या छातीवर येतात.